‘मायावी’ प्रणालीतील ‘एमलॅब’ हा आलेखन-विभाग : एक चिकित्सक अभ्यास

सारांश

वैज्ञानिक विदेचे त्रिमितीय दृश्यांकन करणाऱ्या ‘मायावी’ या मुक्त संगणक प्रणालीतील ‘एमलॅब’ हा आलेखन-विभाग एका ओळीच्या आज्ञेतून पूर्ण चित्र उभे करतो. हा सोपेपणा हेच त्याचे यश आहे आणि त्याच्या मर्यादांचा उगमही तेथेच आहे. प्रस्तुत लेखात एमलॅबची रचना, तिच्यामागील दृष्टी, पूर्वनिर्धारित निवडींतून घडणारे अर्थनिर्णयन आणि महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने त्याचे परिणाम यांची चिकित्सा केली आहे. आलेखन-विभाग हे केवळ साधन नसून विदेचे भाष्यकार असते. म्हणून त्याचे मूल्यमापन भाष्यकाराच्या कसोटीवरच व्हावयास हवे, अशी भूमिका येथे मांडली आहे.

बीजशब्द : वैज्ञानिक दृश्यांकन, त्रिमितीय आलेखन, मायावी, एमलॅब, रंगपट, पूर्वनिर्धारित निवड.

१. प्रस्तावना

विज्ञान शाखेच्या पदव्युत्तर प्रकल्प-अहवालात आज रंगीत त्रिमितीय आकृती नसेल तर अहवाल अपुरा वाटतो. तापमानाचे वितरण, विद्युत विभवाची सममूल्य पृष्ठे, प्रवाहाच्या रेषा, भूरूपाचा उंचसखलपणा या साऱ्या गोष्टी अहवालात चित्ररूपाने येतात. परीक्षक आकृती पाहतो, विद्यार्थी ती कशी काढली ते सांगतो आणि चर्चा पुढच्या पानाकडे वळते. आकृतीतील लाल रंग कोणत्या मूल्याचा आहे, ही पृष्ठे नेमक्या याच मूल्यांवर का काढली, उभी मोजपट्टी आडव्या मोजपट्टीशी कोणत्या प्रमाणात आहे, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. आकृती संगणकाने काढली आहे, म्हणजे ती बरोबरच असणार, असा एक अबोल विश्वास त्यामागे असतो.

साहित्याच्या अभ्यासात अनुवादकाची चिकित्सा होते, इतिहासाच्या अभ्यासात बखरकाराची होते. विदेचे चित्रात रूपांतर करणारा आलेखन-विभाग हाही एका अर्थाने अनुवादक आहे. तो संख्यांची भाषा दृश्याच्या भाषेत आणतो आणि तसे करताना काही ठेवतो, काही गाळतो, काही ठळक करतो. असे असूनही त्याच्याकडे पाहण्याची रीत मात्र हत्याराकडे पाहण्याची आहे : चालते की चालत नाही, एवढाच प्रश्न. प्रस्तुत लेखात या रीतीपासून दूर जाऊन एका विशिष्ट आलेखन-विभागाचे वाचन केले आहे. त्यासाठी एमलॅबची निवड करण्यास दोन कारणे आहेत. एक, त्याची रचना विचारपूर्वक केलेली आहे आणि त्यामुळे ती चिकित्सेला उत्तर देऊ शकते. दुसरे, ज्या प्रणालीचा तो भाग आहे तिचे जनक प्रभू रामचंद्रन हे आयआयटी मुंबईच्या एरोस्पेस अभियांत्रिकी विभागाशी निगडित आहेत. आपल्याकडे घडलेल्या साधनाचा गौरव सहज होतो, त्याचे परीक्षण मात्र क्वचित होते.

२. पार्श्वभूमी

मायावीची पहिली आवृत्ती २००१ च्या सुमारास पुढे आली. द्रायुगतिकीच्या संगणकीय अभ्यासात निर्माण होणारी विदा पाहण्यासाठी विनामूल्य व मुक्त साधन असावे, ही त्यामागील निकड होती. तिचा पाया म्हणजे ‘व्हीटीके’ हा दृश्यांकनाचा ग्रंथालय-संच होय. विल श्रोडर, केन मार्टिन व बिल लोरेनसेन यांनी १९९३ मध्ये व्हीटीकेच्या निर्मितीस प्रारंभ केला. यांपैकी लोरेनसेन यांनी हार्वे क्लाइन यांच्यासह १९८७ मध्ये ‘मार्चिंग क्यूब्ज’ ही पद्धत मांडली होती. त्रिमितीय विदेतून सममूल्य पृष्ठ काढण्याची ही पद्धत पुढे या क्षेत्रात पायाभूत ठरली.

व्हीटीके समर्थ आहे, पण ती वापरणाऱ्याकडून पुष्कळ अपेक्षा करते. विदेचा स्रोत, त्यावरील गाळण्या, गाळलेल्या विदेचे भूमितीत रूपांतर करणारा घटक, रंगमंचावरील पात्र, मग रंगमंच आणि शेवटी खिडकी अशी संपूर्ण साखळी वापरकर्त्याने स्वतः जोडावी लागते. साधे पृष्ठ काढण्यासाठीही अनेक ओळी लिहाव्या लागतात. मायावीच्या दुसऱ्या पिढीची उभारणी एन्थॉट या कंपनीच्या ‘ट्रेट्स’ या पायावर झाली आणि या पिढीत ही साखळी पायथॉन भाषेला साजेशा वेषात आली. तिच्यावर बसवलेला सोपा थर म्हणजे एमलॅब. त्याच्या घडणीत गाएल वारोको यांचा मोठा वाटा आहे. रामचंद्रन आणि वारोको यांनी २०११ मध्ये ‘कॉम्प्युटिंग इन सायन्स अँड इंजिनिअरिंग’ या नियतकालिकात मायावीचा सविस्तर परिचय करून दिला.

एमलॅबचा आदर्श उघड आहे. द्विमितीय आलेखनात मॅटप्लॉटलिबच्या ‘पायप्लॉट’ने आणि त्याआधी मॅटलॅबने जी सवय लावली, म्हणजे एक आज्ञा लिहिली की एक चित्र समोर येते, तीच सवय त्रिमितीत आणणे हा त्याचा हेतू होय.

‘मायावी’ हे नाव संस्कृतातून घेतले असून जादूने भारलेले असा त्याचा अर्थ प्रणालीकर्त्यांना अभिप्रेत आहे. मराठी वाचकाला मात्र या शब्दात आणखी एक अर्थ ऐकू येतो : मायावी रूप म्हणजे जे दिसते ते नसणारे रूप. पुढील विवेचन या दोन अर्थांमधील अंतराविषयी आहे.

३. एमलॅबची रचना

एमलॅबच्या आज्ञा दोन गटांत विभागता येतात. पहिल्या गटात ‘पॉइंट्सथ्रीडी’, ‘प्लॉटथ्रीडी’, ‘सर्फ’, ‘मेश’, ‘कंटूरथ्रीडी’, ‘क्विव्हरथ्रीडी’, ‘फ्लो’ अशा चित्र उभे करणाऱ्या आज्ञा येतात. सुटे बिंदू, क्रमाने जोडलेली रेषा, उंचीचे पृष्ठ, कोणतेही वक्रपृष्ठ, सममूल्य पृष्ठे, सदिशांचे बाण आणि प्रवाहरेषा ही त्यांची अनुक्रमे कामे आहेत. दुसऱ्या गटात चित्राची सजावट व नियंत्रण करणाऱ्या आज्ञा येतात : अक्ष, चौकट, रंगपट्टी, शीर्षक, कॅमेऱ्याचा कोन, चित्राची जतन.

या दोन गटांच्या खाली ‘पाइपलाइन’ नावाचा तिसरा थर आहे. वरच्या थरातील प्रत्येक आज्ञा वस्तुतः या तिसऱ्या थरातील अनेक पायऱ्यांचा संक्षेप असते. ‘सर्फ’ ही आज्ञा दिली की आत विदेचा स्रोत तयार होतो, त्यावर उंचीप्रमाणे पृष्ठ वाकवणारी गाळणी बसते, मग पृष्ठाच्या लंबरेषा काढल्या जातात आणि शेवटी पृष्ठ रंगवले जाते. वापरकर्त्याला हवे असल्यास तो ही प्रत्येक पायरी स्वतंत्रपणे लिहू शकतो. चित्र तयार झाल्यावरही त्यामागील साखळी एका झाडाच्या रूपात उघडून पाहता येते आणि तिच्यातील कोणताही घटक बदलता येतो. असे बदल करीत असताना ते पायथॉनच्या ओळींच्या रूपात नोंदवून घेण्याची सोयही मायावीत आहे.

४. बलस्थाने

एमलॅबचे पहिले बलस्थान त्याच्या विदाविषयक दृष्टीत आहे. नुसत्या संख्यांच्या यादीवरून बिंदूंचे परस्परांशी नाते कळत नाही. हजार ठिकाणी मोजलेले तापमान हे हजार सुटी निरीक्षणे आहेत की एका अखंड क्षेत्राचे नमुने आहेत, हा निर्णय संख्यांच्या बाहेरचा आहे. एमलॅब हा निर्णय वापरकर्त्याकडून घेववतो. सुट्या बिंदूंसाठी एक स्रोत आहे, जाळीवर मांडलेल्या क्षेत्रासाठी दुसरा. सुट्या बिंदूंवरून पृष्ठ हवे असेल तर मध्ये त्रिकोणीकरणाची गाळणी स्वतः बसवावी लागते. म्हणजे दोन निरीक्षणांच्या मधल्या जागेत, जेथे काहीच मोजलेले नाही तेथे, मूल्य गृहीत धरण्याची कृती ही लपून होत नाही. ती आज्ञेच्या रूपात लिहावी लागते. ही बाब किरकोळ नाही. अनुमान आणि निरीक्षण यांतील सीमारेषा येथे साधनाच्या व्याकरणातच ओढलेली आहे.

दुसरे बलस्थान म्हणजे त्याची थरांची रचना. अनेक सोपी साधने सोपी असतात ती आतला दरवाजा बंद करून. एमलॅबमध्ये दरवाजा लोटलेला असतो, कुलूप नसते. नवशिक्या एका ओळीवर थांबू शकतो आणि तोच पुढे पाइपलाइनपर्यंत व तेथून व्हीटीकेपर्यंत उतरू शकतो. अध्यापनाच्या दृष्टीने ही उतरंड मोलाची आहे. त्याचप्रमाणे, चित्र एकदा उभे राहिल्यावर त्यातील विदा बदलून तेच चित्र पुढे नेण्याची सोयही एमलॅबमध्ये आहे. काळानुसार बदलणारी घटना दाखवताना दर क्षणी नवे चित्र बांधावे लागत नाही.

तिसरे बलस्थान मुक्त परवान्याचे. बीएसडी परवान्यामुळे कोणत्याही महाविद्यालयाला शुल्काशिवाय ही प्रणाली वापरता येते आणि तिची संहिता वाचता येते. प्रस्तुत लेखासारखी चिकित्सा शक्य होते तीही त्यामुळेच. ज्याची संहिता बंद आहे त्याच्या निवडींबद्दल केवळ तर्क करता येतो.

५. पूर्वनिर्धारित निवडी

वापरकर्त्याने काही न सांगितल्यास साधन स्वतः जे ठरवते त्याला पूर्वनिर्धारित निवड म्हणतात. एका ओळीत चित्र हवे असेल तर डझनभर गोष्टी साधनाने ठरवणे अपरिहार्य आहे. प्रश्न ठरवण्याचा नाही. काय ठरवले आणि ते वापरकर्त्याला कळले का, हा आहे. येथे चार निवडींचा विचार केला आहे.

५.१ रंगपट : मायावीचा पूर्वनिर्धारित रंगपट प्रदीर्घ काळ ‘ब्लू-रेड’ या नावाचा होता. नावावरून निळ्यापासून लालपर्यंतची सरळ छटा अपेक्षित होते. प्रत्यक्षात हा रंगपट निळा, आकाशी, हिरवा, पिवळा आणि लाल अशा इंद्रधनुष्याच्या वाटेने जातो. या वाटेचा दोष सर्वज्ञात आहे. मूल्य एकसारख्या गतीने वाढले तरी उजळपणा तसा वाढत नाही. आकाशी व पिवळा पट्टा डोळ्यांत भरतो आणि हिरव्याचा विस्तार सपाट भासतो. परिणामी विदेत नसलेल्या सीमा चित्रात दिसतात आणि असलेले सूक्ष्म फरक नाहीसे होतात. डेव्हिड बोरलंड आणि रसेल टेलर यांनी २००७ मध्येच या रंगपटाविरुद्ध स्पष्ट शब्दांत लिहिले होते. लाल-हिरव्याचा भेद न कळणाऱ्या वाचकाची अडचण आणखी मोठी आहे. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे ८ टक्के आहे.

या बाबतीत इतर साधनांनी वाट बदलली. मॅटलॅबने २०१४ मध्ये ‘जेट’ हा इंद्रधनुषी रंगपट पूर्वनिर्धारित स्थानावरून काढला; मॅटप्लॉटलिबने जानेवारी २०१७ मधील २.० या आवृत्तीत ‘विरिडिस’ स्वीकारला. मायावीच्या पर्यायांतही विरिडिस आला. पण पर्याय यादीत असणे आणि आपोआप लागू होणे यांत फरक आहे. यादी फार थोडे लोक उघडतात.

५.२ पृष्ठांच्या पातळ्या : ‘कंटूरथ्रीडी’ला संख्या न सांगितल्यास ती किमान व कमाल मूल्यांच्या दरम्यान समान अंतरावर पाच पातळ्या घेते. समान अंतर ही निःपक्ष निवड वाटते. एका सुपरिचित उदाहरणावर ती तपासता येईल. बिंदूप्रभाराचे विभव अंतराच्या व्यस्त प्रमाणात असते. सोयीच्या एककांत अंतर ०.१ पासून १० पर्यंत घेतले तर विभव १० पासून ०.१ पर्यंत जाईल. पाच समान पातळ्या म्हणजे ०.१, २.५७५, ५.०५, ७.५२५ आणि १०. त्यांची अंतरे अनुक्रमे १०, ०.३९, ०.२०, ०.१३ आणि ०.१ येतात. सर्वांत बाहेरचे पृष्ठ वगळता उरलेली चारही पृष्ठे प्रभारापासून ०.४ च्या आत एकावर एक गर्दी करतात आणि ०.३९ ते १० हा सारा प्रदेश रिकामा दिसतो. विद्यार्थी या चित्रावरून असा निष्कर्ष काढेल की प्रभाराचा प्रभाव अगदी जवळ आहे तेवढाच आहे आणि दूरवर काही घडत नाही. वस्तुतः तेथे विभव सावकाश, पण सतत बदलत असते. याच विदेवर ०.१, ०.३, १, ३ आणि १० या पातळ्या दिल्या तर पृष्ठे अवकाशभर पसरतात आणि व्यस्त नियमाचा आकार दिसू लागतो. भौतिकी एकच, विदा एकच, चित्रे दोन. एका चित्रात साधनाने ठरवले आहे, दुसऱ्यात अभ्यासकाने.

५.३ बिंदूंचे आकारमान : ‘पॉइंट्सथ्रीडी’मध्ये चौथी राशी दिली की गोलकाचे आकारमान तिच्या मूल्याप्रमाणे बदलते. मूल्य दुप्पट झाले की व्यास दुप्पट होतो. पण डोळा व्यास मोजत नाही. पडद्यावरील गोलकाचे क्षेत्रफळ चौपट आणि कल्पिलेले घनफळ आठपट होते. दुप्पट मूल्य आठपट भासू शकते. शिवाय ‘क्लॅम्पिंग’ या पद्धतीत सर्वांत लहान मूल्याच्या बिंदूचा व्यास शून्य होतो, म्हणजे ते निरीक्षण चित्रातून अदृश्य होते. विदेतील न्यूनतम मूल्य आणि विदेची अनुपस्थिती या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी येथे एकाच रूपात, म्हणजे रिकाम्या जागेच्या रूपात, समोर येतात.

५.४ उंचीचे प्रमाण : ‘सर्फ’ आज्ञेत उंचीचे प्रमाण साधनावर सोपवण्याची सोय आहे. तसे केल्यास विदेच्या सीमा काहीही असोत, चित्र डोळ्यांना बरे दिसेल असे प्रमाण साधन निवडते. येथे निकष सौंदर्याचा आहे, सत्याचा नाही, आणि प्रणालीच्या दस्तऐवजात तो प्रामाणिकपणे सांगितलेलाही आहे. प्रमाण हाताने दिले तरी प्रश्न उरतो. अवकाशयानातून २००० साली झालेल्या भूरूप-मापनाची विदा वापरून ग्रँड कॅन्यनचे पृष्ठ रेखाटण्याचे उदाहरण मायावीसोबत दिले जाते. अशा विदेत आडवे अंतर जाळीच्या चौकटींत आणि उंची मीटरमध्ये असते. एक चौकट ३० मीटरची मानली तर खरे प्रमाण एक तीसांश, म्हणजे सुमारे ०.०३३ असेल. त्या जागी ०.२ लिहिले की उतार सहापट उभे होतात. चित्र देखणे होते, दरी भयावह दिसते. पण त्यावरून उताराचे अनुमान करणारा भूगोलाचा विद्यार्थी फसतो. भूरूपाच्या चित्रणात उंची वाढवून दाखवणे ही जुनी व मान्य प्रथा आहे, तथापि किती पट वाढवली हे लिहिणे हाही त्याच प्रथेचा भाग आहे. एमलॅब अक्ष काढते, रंगपट्टी काढते. ही पट मात्र आपण होऊन लिहीत नाही.

६. ‘चालू आकृती’ची संकल्पना

एमलॅबमध्ये आज्ञा कोणत्या आकृतीवर लागू व्हावी हे बहुधा सांगावे लागत नाही. जी आकृती ‘चालू’ असेल तिच्यावर ती लागू होते. संभाषणात जसे ‘ते’ म्हटले की ऐकणाऱ्याला संदर्भाने कळते, तशी ही व्यवस्था आहे. संदर्भ लहान असतो तोवर ती सोयीची असते. संहिता लांबली की सर्वनामाचा गोंधळ सुरू होतो. आधीचे पृष्ठ पुसले नसेल तर नवे पृष्ठ त्याच आकृतीत त्याच्यावर येऊन बसते.

याहून गंभीर बाब रंगपट्टीची आहे. वस्तूचे नाव न देता रंगपट्टी मागितली तर आकृतीत रंगपट असलेली जी पहिली वस्तू सापडेल तिची पट्टी काढली जाते. एका आकृतीत दोन पृष्ठे असतील आणि दोहोंची मूल्यव्याप्ती वेगळी असेल, तर प्रत्येक पृष्ठ स्वतःच्या किमान-कमाल मूल्यांनुसार रंगलेले असते, पट्टी मात्र एकाचीच दिसते. वाचक दुसरे पृष्ठ पहिल्याच्या पट्टीने वाचतो. कोठेही चूक नोंदवली जात नाही, कारण साधनाच्या दृष्टीने चूक झालेलीच नसते. दोन शेजारच्या आकृत्यांची तुलना करतानाही हाच धोका संभवतो : दोन्हींतील लाल रंग सारखा, त्यामागील संख्या निराळ्या. व्याप्तीची खालची व वरची मर्यादा हाताने देण्याची सोय एमलॅबमध्ये आहे. पण तिची गरज आहे हे चित्र पाहून कळत नाही.

या बाबतीत २०१९ मध्ये प्रसिद्धीस आलेल्या ‘पायव्हिस्टा’शी तुलना उद्बोधक ठरते. तेही व्हीटीकेवरच उभे आहे. तेथे विदेच्या जाळीला एक वस्तू मानून तिच्याकडूनच क्रिया करून घेण्यावर आणि चित्रपट वेगळ्या वस्तूच्या रूपात हाताळण्यावर भर आहे. सर्वनामांऐवजी नामांनी बोलण्याची ही रीत थोडी लांबट असली तरी संदिग्धता कमी करते. पूर्वनिर्धारित निवडींचा प्रश्न मात्र तेथेही सुटत नाही, कारण तो एका साधनाचा नसून सोपेपणाचाच आहे.

७. त्रिमितीचा मोह

आतापर्यंतचे आक्षेप आज्ञांच्या तपशिलाबाबत होते. मूळ प्रश्न त्रिमितीचाच आहे. पडदा सपाट असतो. त्यावर त्रिमिती दाखवायची तर पुढची वस्तू मागचीला झाकते, दूरची वस्तू लहान दिसते, आणि प्रकाशाच्या छायेमुळे एकच रंग दोन ठिकाणी दोन प्रकारे दिसतो. रंगातून मूल्य वाचायचे असेल तर ही छाया थेट अडथळा ठरते.

मिशेल बोरकिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या संदर्भात महत्त्वाचा आहे. हृदयाच्या धमन्यांच्या भिंतीवर रक्तप्रवाहाचा जो ताण पडतो, तो कमी असलेले भाग रोगाच्या दृष्टीने धोक्याचे असतात. हे भाग चित्रावरून ओळखण्याचे काम सहभागी व्यक्तींना देण्यात आले. त्रिमितीय चित्र व इंद्रधनुषी रंगपट असताना असे ३९ टक्के भाग ओळखले गेले. द्विमितीय मांडणी व सुयोग्य रंगपट असताना ९१ टक्के. तपासले जात होते ते चित्र काढणाऱ्यांच्या सवयीचे होते, पाहणारे जाणकार होते, आणि तरीही पाचांतील तीन धोके नजरेतून निसटले. आलेखनाच्या निवडीला येथे मानवी जीविताचा संदर्भ आहे.

याचा अर्थ त्रिमितीय आलेखन त्याज्य आहे असा नव्हे. प्रवाहातील भोवऱ्याची वळणे, रेणूच्या कक्षकाचा आकार, मेंदूतील रचनांची परस्परसापेक्ष जागा या गोष्टी आकाराच्या आहेत आणि आकार पाहण्यास त्रिमिती उपकारक आहे. मूल्य वाचावयाचे असेल तर छेद घ्यावा. विशेष म्हणजे एमलॅबमध्ये छेदाची साधने उत्तम आहेत. अदिश क्षेत्राचा छेद घेणारे प्रतल माऊसने सरकवता येते, मेंदूच्या प्रतिमांवर अशा छेदांचा उपयोग दाखवणारे उदाहरण मायावीसोबत दिलेले आहे. उपाय साधनातच आहे, तो वापरण्याची शिस्त मात्र साधन देऊ शकत नाही. प्रवाहरेषांबाबतही तेच म्हणता येईल. ‘फ्लो’ ही आज्ञा बीजरूप बिंदूंपासून रेषा काढते. बीजे जेथे नाहीत त्या प्रवाहाची रेषा निघेलच असे नाही. बीजांचा गोल सरकवून पाहिल्याशिवाय चित्र पूर्ण मानणे घाईचे होय.

८. अध्यापनाच्या संदर्भात

आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पाने महाविद्यालयांत पायथॉन व अन्य मुक्त साधनांचा प्रसार केला. त्यामुळे महागड्या परवान्यांवर अवलंबून असलेले संगणकीय शिक्षण जिल्ह्याच्या व तालुक्याच्या ठिकाणीही शक्य झाले, हे निर्विवाद आहे. परंतु साधन हाती येणे आणि साधनाविषयी विवेक येणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. प्रात्यक्षिकाच्या वहीत आज्ञा लिहिली जाते, चित्र चिकटवले जाते. आज्ञेने गृहीत धरलेल्या गोष्टी वहीत येत नाहीत.

यावर उपाय खर्चिक नाही. त्रिमितीय आकृतीच्या तळटीपेत पाच गोष्टींची नोंद अनिवार्य करता येईल : रंगपटाचे नाव व मूल्यव्याप्ती, सममूल्य पृष्ठांच्या पातळ्या व त्या निवडण्याचे कारण, बिंदू किंवा बाणांच्या आकाराचे प्रमाण, उंचीची पट, आणि कॅमेऱ्याची स्थिती. शेवटची गोष्ट अनावश्यक वाटेल. पण कोणत्या बाजूने पाहिले यावर काय झाकले गेले हे ठरते. एमलॅबमध्ये ‘व्ह्यू’ ही आज्ञा रिकाम्या कंसाने दिली की क्षितिजकोन, उंचीचा कोन, अंतर व केंद्रबिंदू परत मिळतात, ते लिहून ठेवण्यास एक ओळ पुरते. या पाच नोंदी करताना विद्यार्थ्याला साधनाने घेतलेले निर्णय शोधावे लागतात, आणि शोधताना तो पाइपलाइनच्या थरापर्यंत उतरतो. त्याच्या ज्ञानाची खरी परीक्षा तेथे होते. परीक्षकालाही चित्राच्या देखणेपणापलीकडे विचारण्यास काही हाती लागते.

९. समारोप

एमलॅबच्या या वाचनातून त्याचे दुहेरी स्वरूप स्पष्ट होते. विदेची रचना ठरवण्याच्या बाबतीत तो वापरकर्त्याकडून स्पष्ट उत्तर मागतो. विदेचे रूप ठरवण्याच्या बाबतीत मात्र तो आपण होऊन उत्तर देतो व गप्प राहतो. पहिल्या गोष्टीत तो शिक्षकासारखा वागतो, दुसऱ्या गोष्टीत जादूगारासारखा. त्याचे थर उघडे असल्यामुळे जादूमागील हातचलाखी तपासता येते, हा त्याचा सर्वांत मोठा गुण. मात्र तपासण्याची इच्छा पाहणाऱ्यात असेल तरच हा गुण फळाला येतो. एका ओळीतून आलेल्या चित्रात साधनाने न सांगता घेतलेले निर्णय असतात, आणि त्या निर्णयांची जबाबदारी साधनावर टाकता येत नाही. अहवालावर सही विद्यार्थ्याची असते आणि प्रमाणपत्रावर मार्गदर्शकाची.